बारा रात्रींची यादी

सुचित्रा बेहेरे सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत बावीस वर्षं आयात-निर्यातीचे कागद तपासत होती. माल बंदरातून कुठल्या तारखेला निघाला, हे दोन कागदांवर वेगवेगळं दिसलं की अख्खा गठ्ठा परत. स्वल्पविराम चुकला तरी कपाळाला आठी. हाताखालची मुलं तिला टरकून असायची आणि तिला ते आवडायचं, हे उगीच कशाला लपवा.

नवरा प्रताप आजारी पडला तेव्हा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ती वर्षभर त्याच्या उशाशी बसून होती. तो गेला, आणि त्यानंतर तिला स्वस्थ बसवेना. २००७ साली, चोपन्नाव्या वर्षी, तिने इटलीत सिएना ते रोम चालत जायचं ठरवलं. शेतांतून, डोंगरांवरून, जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर. अट एकच, मध्ये कुठेही गाडीत बसायचं नाही.

सिंगापुरात चढायला डोंगर आणायचा कुठून? चोआ चू कांगच्या आपल्या सोळा मजली ब्लॉकचा जिना ती पाच किलो तांदूळ पाठीवर घेऊन रोज चढायची. लेक गार्गी म्हणाली, "आई, लिफ्ट इज वर्किंग, लाह."

पीआर, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याचा परवाना, घेऊन पंधरा वर्षं झाली तरी पासपोर्ट भारताचाच, त्यामुळे इटलीचा व्हिसा काढणं आलं. व्हिसासाठी रोजचा मुक्काम लिहून द्यायचा होता. सुचित्राने बारा रात्री, बारा गावं, किलोमीटरसकट यादी केली आणि खाली सही ठोकली. घोटाळा झाला तो इथे. सही केलेला कागद म्हणजे दिलेला शब्द. यादीतलं गाव सोडून दुसरीकडे झोपलो तर इटलीचे पोलीस धरतील आणि इकडे पीआरवर गदा येईल, अशी तिची पक्की समजूत. गार्गीला विचारलं असतं तर ती हसली असती, म्हणून विचारलंही नाही.

पहिले दोन दिवस यादीप्रमाणे पार पडले. तिसऱ्या दिवशी तेहतीस किलोमीटर होते आणि शेवटी मुक्कामाच्या गावाचा, राडिकोफानीचा, चढ. दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले, आणि एका छोट्या गावात तिने बसकण मारली. राडिकोफानी अजून बरंच लांब होतं. समोरच तिकडे जाणारी बस उभी. बसमध्ये चढावं तर अट मोडते, न चढावं तर कागद. एक बस गेली. दुसरी गेली. मग ती उठली, लंगडत सरळ पोलीस ठाण्यात गेली आणि यादी टेबलावर ठेवली.

"मी आज इथे राहिले तर चालेल का?" तिने इंग्रजीत विचारलं.

पोलिसाला इंग्रजी मोडकंतोडकं येत होतं. त्याने बाराही ओळी बोट ठेवून वाचल्या.

"ही यादी कोणी केली?"

"मी."

"मग मला काय विचारता?" असं म्हणून त्याने कागद तिच्या हातात परत दिला आणि औषधाचं दुकान कुठे आहे ते सांगितलं.

सुचित्राला आधी राग आला, मग स्वतःचंच हसू आलं. पुढे ती पाय साथ देतील तेवढंच चालली. कधी बारा किलोमीटर, कधी आठ. बाराव्या दिवशी ती मॉन्तेफियास्कोनेला पोचली. रोम शंभरावर किलोमीटर राहिलं होतं आणि विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आता बसशिवाय इलाज नव्हता. खिडकीतून यादीतली गावं भराभर मागे पडू लागली, तशी ती चारचौघांत रडली. ती गावं तिला पायांनी हवी होती.

चांगी विमानतळावर गार्गी न्यायला आली होती. "सो, रोम कसं होतं?"

"रोम बसमधून पाहिलं."

"म्हणजे फिनिश नाही केलंस?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. "दीडशे किलोमीटर चालले. रोम राहिलं."