पिराच्या वाटेवरून मिरजेला

देवावर माझा विश्वास होता, भरवसा नव्हता. प्रवासाला निघताना व्हिसा, औषधं, जादा बॅटऱ्या अशी यादी करून मी एकेकावर खूण करायची. प्रार्थना त्या यादीत कधी आली नाही. कित्येक वर्षं देशोदेशीच्या माणसांचे फोटो काढले. इथिओपियातल्या जत्रा, मंगोलियातले मेंढपाळ, पेरूतल्या विणकर बायका. सगळं उजव्या डोळ्याच्या जिवावर, कारण कॅमेरा त्याच डोळ्याला लावायची सवय.

त्या मोहरमला मी कुंडलजवळ आईच्या गावी गेले. तिथे मिरवणुकीतले ताबूत समोरासमोर आणून त्यांची भेट होते, एक ताबूत मराठ्यांच्या घरचाही असतो, आणि पिरांचे पंजे जातात त्या वाटेवर बायका नवसाचं पाणी ओततात. सकाळपासून कॅमेऱ्यातून पाहताना कडेला काळी सावली येत होती. मी काच पुसली, लेन्स बदलली, पुन्हा पुसली. आमच्या धंद्यातल्या माणसाला आधी काचेचाच संशय येतो.

शेजारी पाण्याची घागर घेऊन एक बाई उभ्या होत्या. गावात त्यांना रशीदाभाभी म्हणतात, हे नंतर कळलं. उजवीकडून एक बैल माझ्या अंगावर आला, तेव्हा त्यांनीच दंडाला धरून मला मागे ओढलं.

"एवढा बैल दिसला न्हाई व्हय तुमास्नी? कवाधरनं काच पुसताय. एक डोळा झाका बघू."

मी डावा झाकला. निम्मं जग पडद्याआड गेलं होतं. तरी म्हटलं, भेटीचे फोटो झाले की दवाखान्यात जाईन.

"सगळ्या जगाची तोंडं बघत फिरताय, अन् सवताचा डोळा बघाय येळ न्हाई?"

त्यांनी घागर ओट्यावर टेकवली, दिराला जीप काढायला लावली आणि स्वतः मिरजेपर्यंत माझ्याबरोबर आल्या. मागे ताशे वाढत होते. भेट अगदी तोंडावर आली होती.

डोळ्यातला पडदा, म्हणजे रेटिना, जागेवरून सुटला होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. आणखी उशीर झाला असता तर डोळा पूर्ण गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. तो राहिला, पण नजर मोडली. त्या डोळ्याने आता प्रत्येक चेहरा वाकडा दिसतो. नातेवाईक म्हणाले, देवाने वाचवलं. वाचवायचंच होतं तर असं अर्धवट का, हे मी त्यालाच विचारलं. ठरलेला जॉर्जियाचा दौरा रद्द केला. डाव्या डोळ्याने काम शिका म्हणणाऱ्यांशी बोलणं सोडलं.

बऱ्याच दिवसांनी साडी घेऊन भाभींकडे गेले. त्या दिवशीचं पाणी आजारी नवऱ्यासाठी बोललेल्या नवसाचं होतं, हे तिथे कळलं. ते खाटेवर पडूनच होते. माझ्यामुळे तुमचा नवस चुकला, असं मी म्हणाले.

भाभी चहा गाळत होत्या. "चुकला की. फुडच्या साली फेडू. आन् मी कुठं गेलते, ते पिराला ठावं न्हाई व्हय?"

मला एवढा भरवसा अजून जमत नाही. त्या दिवशी भाभींना माझ्या शेजारी कुणी उभं केलं, यावर मी वाद घालत नाही, हात जोडते. पण डोळ्याचा राग गेलेला नाही. तो रोज देवापुढेच काढते, दुसरीकडे कुठे नेत नाही. माझ्याच्याने होते ती शरणागती बहुधा एवढीच.