मिस्त्रीबुवांना पाहायला आलेली माणसं

संग्रामपूरच्या मिस्त्रीबुवांना कॅन्सर निघाला, तेव्हा पाहायला येणाऱ्यांना ते कामाला लावत. लोक बिस्किटाचा पुडा घेऊन, तोंड पाडून यायचे, तर बुवा परांचीवर उभे. "आलाच हायेस त विटा दे वर," म्हणायचे. पुडा तिथंच फोडून सगळ्यांना वाटायचे.

लोकांचंही चुकत नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो आणि डॉक्टर ऑपरेशन करत नाही, गोळीसुद्धा देत नाही, म्हणजे त्यानं हात टेकले, असंच गावाला वाटलं. बहीण तर दारातूनच रडत आली. बुवा म्हणाले, "काऊन रडतं वं बाई? डॉक्टरनं सोडलं नाही मले. पाहून राह्यला तो."

खरंच तसं होतं. रक्तातला पीएसएचा आकडा वाढलेला, एमआरआयमध्ये लहानसा डाग, तिथलाच तुकडा तपासला तर रोग सावकाश वाढणारा. असा रोग कापायची आता घाई करत नाहीत, वरचेवर तपासत राहतात, हे मला बुवांनीच फोनवर समजावलं. मी सातवीतून शाळा सोडून त्यांच्या हाताखाली लागलो होतो. आता सुरतेत एका गोदामावर वॉचमन आहे. पन्नाशी उलटली, रक्त तपास, असं तेच टोकत राहिले, म्हणून गेलो. माझाही रोग तसाच निघाला.

बायको वारलेली, लेक सासरी. आत रोग बसलाय, हा विचार खोलीत एकट्याला सोसवेना. ऑपरेशननं लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, असं डॉक्टर सांगत होते, तरी मी म्हटलं, काढूनच टाकतो. बुवा म्हणाले, "भेवून कापून घेऊ नको बे. अन् भेवून तपासणीबी चुकवू नको." मी ऑपरेशन थांबवलं. तपासणीच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. माझा नंबर लागेपर्यंत कोणाची भिंत कशी वाकडी झाली, तेच सांगत बसायचे. आजाराचा शब्द काढायचे नाहीत.

बुवा उन्हाळ्यात गेले, दुपारी जेवून पडले असताना, हृदय बंद पडून. गावात मात्र कॅन्सरनंच नेलं म्हणतात. मी पोचेपर्यंत माती झाली होती.

पुढच्या तपासणीत माझा आकडा चढला. पुन्हा तुकडा तपासला, तर रोग जोर धरत होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, बाहेर पसरलेला नाही, आता शेक देऊ, म्हणजे रेडिएशन, आशा चांगली आहे. हे ज्यांना सांगायचं, ते नव्हते.

शेकाच्या पहिल्या दिवशी सिस्टरनं विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही, म्हटलं. नाव पुकारल्यावर उठलो आणि आत गेलो.