बाद जोडी

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, काचा घासायच्या यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाला सगळे डबलराव म्हणत. कारण साधं होतं. तो कुठलाही फोटो दोनदा काढायचा, एक डाव्या डोळ्यासाठी आणि एक उजव्या. पहिला काढून झाला की कॅमेरा लाकडी पट्टीवरून जरासा सरकवायचा, दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर. मग त्या दोन पारदर्शक फिल्म शेजारी शेजारी बसवून दोन भिंगांच्या पेटीतून बघितल्या की सपाट चित्र आतपर्यंत उघडायचं. जिना खरोखर वर चढत जायचा, टेबलाचा कोपरा पोटाला लागेलसं वाटायचं. लग्न तेवढं यानं एकदाच केलं, असं दुकानाचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि डबलराव दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

कॅमेरा रुंद फिल्मचा, धोंड्यासारखा जड. त्या मोठ्या फिल्मवर भिंतीतल्या खिळ्याचं डोकंसुद्धा लख्ख यायचं. पण फिल्म जेवढी मोठी तेवढा फोकस हट्टी. समोरच्याचं नाक नीट आलं तर मागचं कपाट धूसर, कपाटाची समजूत काढावी तर नाक रुसणार. साध्या फोटोत मागचं धूसर असलं तर लोक उलट वाहवा करतात. जोडीच्या फोटोत ते चालत नाही, असं डबलरावचं ठाम मत होतं. बघणाऱ्याची नजर पेटीत शिरली की हिंडायला लागते, मागच्या भिंतीपर्यंत जाते, आणि तिथं धुकं सापडलं की अडखळते. म्हणून जवळच्या वस्तूपासून शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ आलंच पाहिजे. त्यासाठी लेन्सचं भोक अगदी बारीक करायचं आणि फोकस ना पुढच्या वस्तूवर ना मागच्या, तर दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत लावायचा. रिकाम्या जागेवर फोकस लावणार कसा? तर तिथं तो एक काठी उभी करायचा, फोकस काठीवर लावायचा आणि काठी काढून घ्यायचा.

आता भोक बारीक म्हणजे उजेड सावकाश येणार, आणि तोवर समोरच्यानं हलायचं नाही. त्यामुळे डबलरावच्या जोड्यांत जिने होते, बाकं होती, सुट्टीच्या दिवशीच्या यंत्रशाळा होत्या, न्हाव्याच्या रिकाम्या खुर्च्या होत्या. माणसं औषधापुरती. या घरात फोटो हवा असेल तर आधी फर्निचर व्हावं लागतं, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

आई तर त्याच्या तावडीत कधी सापडलीच नाही. ती जन्मभर बसली ती अर्धी, केव्हाही उठता येईल अशी. फोटोचं नाव काढलं की तिला गॅसवरचं काहीतरी आठवायचं. मग एके वर्षी तिचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा, म्हणून तिनं बशी घेणंच सोडून दिलं. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन डबलरावनं कपाट उघडलं. कपाट भरून जोड्या होत्या. शेजारच्या इमारतीचा जिना त्यात तीन वेळा होता, आई एकदाही नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिची एक तरी चांगली जोडी करायचीच, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. फिल्म धुऊन आली तेव्हा खोली झकास आली होती, पडद्याची वीण दिसत होती, आणि आईच्या मांडीवर हातांच्या जागी नुसती वाफ होती. दुसऱ्या खेपेला त्यानं तिचे हात शालीखाली ठेवायला लावले. हात दबले तर मानच हलायला लागली. जणू ती कशाला तरी सारखी हो म्हणत होती.

तिसऱ्या खेपेला ती आपणहून येऊन बसली, शाल घेऊन. डबलराव खुर्चीमागे काठी उभी करून कॅमेऱ्यात डोकं घालून बसला होता. बराच वेळ गेला.

"तू बघतोयस कुठं?" आईनं विचारलं.

"तुझ्या मागं. काठीवर."

"आणि मी?"

मग त्यानं तिला भोक, उजेड, मागची भिंत, सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या घरचं भांडण ऐकावं तसं तिनं ते ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं बसले नाही, आता बसलेय," ती म्हणाली. "तर माझ्याकडं बघून काढ. भिंत काय, राहणारच आहे इथं."

डबलरावला राग आला. आयुष्यभर पाळलेला नियम तिनं एका वाक्यात मोडीत काढला होता. पण तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. त्यानं काठी उचलून कोपऱ्यात ठेवली, भोक सताड उघडलं आणि फोकस तिच्या डोळ्यांवर आणला. कॅमेऱ्याच्या काचेवर भिंत विरघळून गेली. आता पापणी लवायच्या आत फोटो होणार होता. डावा काढला. कॅमेरा सरकवून फिल्म पुढं घेईपर्यंत आईनं हात शालीबाहेर काढून मांडीवर ठेवले होते. आपले हात काय झाकायचे, असं काहीतरी ती पुटपुटली. म्हणून त्यानं कॅमेरा पहिल्या जागी आणून डावा पुन्हा काढला, पट्टीवरून कॅमेरा सरकवला आणि उजवा काढला.

धुतलेली फिल्म त्यानं उजेडाच्या काचेवर ठेवली आणि भिंग लावून, नेहमीसारखी, एकेक करून तपासली. चेहरा सुरेख आला होता. भिंत गेली होती, ती जाणारच होती. पण हात डाव्या चित्रात एका जागी होते आणि उजव्यात दुसऱ्या. दोन्ही डोळ्यांना वेगळं दिसलं की जोडी जुळत नाही, हा या कामातला पहिला धडा. पेटीत घालून बघायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत. पाकिटावर लाल शाईनं 'बाद' लिहिलं आणि ते खोक्यात टाकलं. पुन्हा काढू, असं त्यानं ठरवलं. पण आई त्यानंतर खुर्चीत बसण्याजोगी राहिली नाही. आधी अंथरूण धरलं, आणि पानगळ सुरू व्हायच्या आत ती गेली.

धाकटी बहीण आवराआवरीला येऊन राहिली होती. एका दुपारी तिनं विचारलं, आईचं पेटीतून बघायचं काही आहे का. नाही, डबलराव म्हणाला, एक आहे पण बाद आहे. ती हटून बसली तेव्हा त्यानं पाकीट शोधलं, फिल्म चौकटीत बसवल्या आणि देण्याआधी दोष सांगून टाकले. मागची भिंत नाही, हात जुळत नाहीत, बघून डोकं दुखलं तर मला बोलू नकोस.

बहिणीनं पेटी डोळ्यांना लावली ती लावलीच.

"दादा," ती म्हणाली, "हात हलताहेत."

तोच तर दोष, असं म्हणून तो सांगायला लागला, की डावा डोळा एक हात बघतो, उजवा दुसरा, मेंदूला ठरवता येत नाही, म्हणून तो एकदा इकडचा धरतो, एकदा तिकडचा. ती ऐकत नव्हती. तिनं पेटी त्याच्या हातात दिली.

त्यानं बघितलं. मागं भिंत नव्हती, कपाट नव्हतं. हात लांबवला तर गालाला लागेल एवढ्या अंतरावर आई बसली होती, त्याच्याकडं बघत. आणि मांडीवर तिचे हात थरथरत होते, कप धरताना थरथरायचे तसेच.

कारागिराची सवय. दोष नेमका कुठं आहे ते तपासायला त्यानं डावा डोळा मिटला. हात थांबले. आई फोटो झाली.

त्यानं घाईघाईनं डोळा उघडला.