चौथ्या प्रकरणातले चिमणेमामा

कपाटात विद्यार्थ्यांचे रिपोर्ट साचतात, तसे डोक्यात त्यांचे किस्से साचतात. रिपोर्ट निदान रद्दीत देता येतात, किस्से कुणाला देणार?

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा गाइड मीच. यंदा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिलं: प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, सर्व्हे, निष्कर्ष. आणि बजावलं, "कॉपी सापडली की रिपोर्ट जागेवर रद्द!" काय आवाज लागला होता माझा! आता आठवलं की कान गरम होतात.

मागच्या बाकावर शिरोळचा संग्राम होता. गेल्या वर्षी रिपोर्टपायीच राहिलेला. साखर कारखान्याच्या ऑफिसात त्याची नोकरी ठरली होती, पण यंदा पास झाला तरच. तो घाबरून माझ्याकडे बघत होता. मला बरंच वाटलं.

•

आठवड्याभरात रोहन नावाचा पोरगा निष्कर्ष घेऊन आला. फक्त निष्कर्ष!

"सर्व्हे कुठाय?"

"करतो की सर. आधी निष्कर्ष बघून घ्या. बरोबर असला तर तशी माणसं शोधतो."

मी कपाळाला हात लावला. त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "उगंच चुकीची माणसं भेटली तर हेलपाटं न्हाईत का?"

•

मग रोहननं खरोखरच पन्नास दुकानदारांचे फॉर्म भरून आणले. शाई वेगळी, अक्षर वेगळं. मी खूश! शेवटचा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचे आहे का?' पन्नासही जणांनी उत्तर दिलं होतं, 'रोहन हा मुलगा होतकरू आहे.'

"सगळ्यांना हेच सुचलं?" मी ओरडलो.

"एक्कावन्नावा बी त्येच म्हणला असता सर, पण फॉर्म संपलं."

•

खरं काम केलं ते आफरीननं. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान, पाच कारागीर. तिनं त्यांनाच विचारलं, 'मालकाबद्दल काय तक्रार आहे?' नावं न लिहिता पाचही जणांनी भडाभडा लिहून दिलं. तो कागद अब्बांच्या हाती लागला. पोरीचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती हसत आली. "सर, अब्बांनी नवा पंखा लावला. पण म्हणाले, पुढचा सर्व्हे दुसऱ्याच्या दुकानात कर!"

रिपोर्ट वाचून कुणी काही केल्याचं मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं.

•

एकदा कॉलेजजवळच्या बाळूच्या झेरॉक्स दुकानात गेलो. भिंतीवर फायलींची रांग. वर चिठ्ठ्या, 'बँक', 'गूळ', 'दूध', 'चप्पल'.

"हे काय रे?"

"जुनं रिपोर्ट, सर. पोरं नाव बदलून नेत्यात. चपलेचा सगळ्यात जुना, आमच्या वडलांच्या काळातला. त्यात अजून कुणी नापास न्हाय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात मी त्याला दहा मिनिटं झापलं. "शिक्षणाचा बाजार मांडलाय तुम्ही लोकांनी!" बाळू बिचारा मान खाली घालून ऐकत होता.

•

तोंडी परीक्षेच्या दिवशी सांगलीहून बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या. त्या गाडीतून उतरत होत्या आणि संग्राम धापा टाकत बाइंडिंग केलेला रिपोर्ट माझ्यापुढे धरत होता. मी अनुक्रमणिका पाहिली. पाचही प्रकरणं जागच्या जागी! काम मुलानं स्वतः केल्याच्या सर्टिफिकेटवर सही ठोकली.

विषय होता चप्पल कारागीर. मॅडमनी चौथं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "विठू दादू चिमणे, मंगळवार पेठ. वय बावन्न. डावखुरे. रोज नृसिंहवाडीच्या दिशेनं हात जोडल्याशिवाय आरी उचलत नाहीत."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

चिमणेमामांना मी ओळखत होतो. पंचवीस वर्षांपूर्वी, ह्याच कॉलेजात शिकताना, चपलेवरचा रिपोर्ट मी केला होता. वीस कारागीर हवे होते, एकोणीसच भेटले. विसावा मी घरात बसून, पोहे खाता खाता तयार केला. खरा वाटावा म्हणून डावखुरा केला. रिपोर्ट टाइप केला होता बाळूच्या वडलांनी.

"वा! किती जिवंत माणूस आहे हा," मॅडम म्हणाल्या. "तू स्वतः भेटलास?"

"व्हय मॅडम. दोनदा गेलतो. चहा पाजला त्यांनी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "गाइड तुम्ही. सही तुमची आहे. खात्री केलीत ना?"

संग्राम माझ्याकडे बघत होता. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसाच. आता मात्र मला बरं वाटत नव्हतं. खरं बोलावं तर त्याची नोकरी जाणार, आणि माझी अब्रूही. लाज वाटली, खूप वाटली. तरी तोंडातून निघालंच, "हो मॅडम. जुनी ओळख आहे. बावन्न वर्षांचे वाटत नाहीत."

संग्राम पास झाला. मॅडमची गाडी गेल्यावर तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, माझ्या पाया पडला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला,

"सर, असा माणूस खरंच हाय व्हय? मला एकदा भेटवा की! एक पेढा त्यास्नी बी द्यायला पायजे."