चौथी आणि पाचवीच्या मधलं मैदान

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या शाळेच्या आवारात एक नव्हे, तीन शाळा आहेत, हे मला ती चौथी पास झाल्यावर कळलं. त्याआधी मी स्वतः त्याच आवारात बारा वर्षं काढली होती.

आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षांत माणसाला एवढंही कळू नये? नाही कळत हो. मला तंद्री लागते. गंगापूर रोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचत असतं आणि मी दाराबाहेरच्या एखाद्या पांढऱ्या ढगाचं बोट धरून त्र्यंबकच्या डोंगरांकडे निघालेला असतो. शेवटची ओळ वाचून झाली की गिऱ्हाईक थांबतं, खाकरतं, मग मी परत येतो. (काही जण न खाकरताच उठून जातात. ते नंतर नवा चष्मा घालून समोरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसतात.)

तर ते आवार. फाटकातून आत शिरलं की डावीकडे बसकी गुलाबी इमारत, ते बालमंदिर. त्यात छोटा गट आणि मोठा गट. तिला लागून पिवळी इमारत, ती प्राथमिक, पहिली ते चौथी. मग भलंमोठं मैदान, मैदानात एकच कडुनिंब, आणि पलीकडे तीन मजली करडी इमारत, ती माध्यमिक, पाचवी ते दहावी. (पाचवीनं नेमकं कुठल्या इमारतीत बसायचं, यावर वरती अधूनमधून विचार चालतो म्हणे. तो विचार आमच्या आवारात अजून पोचलेला नाही.) संस्था एक, नाव एक, फाटक एक, घंटासुद्धा एकच. मला वाटायचं, गिरणीत वरून गहू टाकले की खालून पीठ येतं, तसं मूल या टोकाला सोडलं की त्या टोकाला दहावी होऊन आपोआप निघतं. मी नव्हतो का निघालो!

मार्चमध्ये चौथीच्या पालकांची सभा होती. सभांना एरवी माझी बायको मंजिरी जाते. पण ती पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला आहे आणि मार्च म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम.

"अहो, फक्त दीड तास जागे राहा," ती सकाळी म्हणाली. "सगळं नीट ऐका. लिहून घ्या."

"म्हणजे काय, लिहूनच घेणार!" मी म्हणालो आणि वही-पेन घेऊन गेलो.

सभा होती चौथीच्या वर्गात. मी ज्या वर्गात शिकलो, त्याच वर्गात! बाकावर बसलो तर गुडघे कानाला लागले. खिडकीतून तोच कडुनिंब दिसत होता. त्याची पिवळी पानं इतक्या सावकाश खाली येत होती, की एक पान फांदीवरून निघून जमिनीला टेकेपर्यंत माझी मुक्ता पाचवी, सातवी, नववी झाली, दहावीला पेढे वाटले, आणि तिला वसतिगृहावर सोडताना माझे डोळे भरून आले. त्या मधल्या काळात मुख्याध्यापिकाबाई काहीतरी सांगत होत्या. सगळे पालक लिहीत होते. मीही लिहीत होतो.

"काय सांगितलं?" संध्याकाळी मंजिरीनं विचारलं.

"काही नाही गं. नेहमीचंच."

माझ्या वहीत कडुनिंबाचं एक चित्र होतं. छान आलं होतं.

मे महिन्यात निकाल लागला. मुक्ता पास, तिची मैत्रीण सानिया पास. या दोघी छोट्या गटापासून एका बाकावर बसणाऱ्या. डबा एक, भांडण एक, आजारीसुद्धा एकदमच पडायच्या. सानियाचे अब्बा सलीमभाई शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी सुट्टीतच दोघींचे पाचवीचे निळे कुडते शिवून दिले. माप घेताना म्हणाले, "गिरीशभाऊ, दाखल्याचं काम झालं ना? आमचं कालच उरकलं."

"हो हो," मी म्हणालो. त्यांच्या हातातल्या कापडाचा निळा रंग इतका गाढ होता, की मी बराच वेळ त्यातच होतो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला, दोघींना घेऊन मी करड्या इमारतीपाशी गेलो. फळ्यावर पाचवीच्या याद्या लागल्या होत्या. सानिया 'अ' तुकडीच्या यादीत बोट फिरवत खाली आली आणि ओरडली, "मी सापडले!" मुक्तानं वरून खाली बोट फिरवलं. मग खालून वर. मग 'ब' तुकडी. मग पुन्हा 'अ'.

"पप्पा, मी नाहीये."

मी चष्मा काढला, पुसला, घातला. मुक्ता खरंच नव्हती. तिच्या खालच्या ओठाचं जे झालं, ते बघून मी तडक कार्यालय गाठलं.

कार्यालयाच्या खिडकीत पगारे सर होते, माध्यमिकचे क्लार्क.

"सर, मुलीचं नाव राहिलंय यादीत."

"दाखला जमा केला?"

"कसला दाखला? ती इथलीच आहे."

"इथली म्हणजे?"

"म्हणजे ही काय, समोरच्या पिवळ्या इमारतीतली!"

"ती दुसरी शाळा झाली." पगारे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. (फ्रेम माझ्याकडचीच होती.) "चौथीला ती शाळा सोडायची, सोडल्याचा दाखला घ्यायचा, इथं आणून द्यायचा, मग पाचवी. मार्चच्या सभेत सांगितलं होतं. कोण आलं होतं सभेला?"

"मीच," मी म्हणालो.

"मग असं करा. एक मुलगी निफाडला गेली, तिची 'अ'मधली एकच जागा शिल्लक आहे. पाच वाजता यादी बंद. पाचपर्यंत दाखला आणलात तर तुमची मुलगी. नाही तर दुसरी शाळा बघा."

"अहो सर, प्राथमिकचं ऑफिस ते समोर दिसतंय! हाक मारली तर ऐकू जाईल!"

"आम्ही दोघं दुपारी एकाच डब्यात जेवतो," पगारे सर शांतपणे म्हणाले. "पण कागद लागतो."

मंजिरीला फोन केला. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती वाजले?"

"पावणेचार."

"पळा. आणि वाटेत कुठं बघू नका."

दोघींना खिडकीसमोरच्या बाकावर बसवून मी पळालो. पण पायांना सवय गुलाबी इमारतीची, मी थेट बालमंदिरात शिरलो! (मुक्ताला छोट्या गटात असताना आणायला मीच जायचो. मोठ्या गटातून पहिलीत जातानाही असाच फॉर्म होता, तो मंजिरीनं भरला होता, हे आता आठवलं.) तिथल्या ताई माझ्याकडे बघून हसल्या. "कोणाला न्यायला आलात? शाळा तर उद्या उघडणार!"

"दाखला पाहिजे. चौथीचा."

"आम्ही दाखला नाही देत. आम्ही मोठ्या गटाला काळा झगा आणि टोपी घालून फोटो देतो. तो देऊ का?"

चार वाजता मी पिवळ्या इमारतीत पोचलो. तिथले क्लार्क सोनवणे भाऊसाहेब. भला माणूस, पण घाई हा शब्द त्यांच्या गावीही नाही. त्यांनी एक अर्ज पुढं केला. "निवांत बसून भरा."

कार्यालयात जागा नव्हती, म्हणून मी शेजारच्या चौथीच्या वर्गात जाऊन बाकावर बसलो. बस्स! तिथंच घात झाला. तोच बाक, तीच खिडकी, तोच कडुनिंब, वर्गात खडूचा तोच वास. समोर कागद, त्यावर छापलेलं 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव'. हातात पेन. कुणीतरी मागून पाठीत बोट खुपसेल असं वाटलं. मी नाव लिहिलं. वर्ग लिहिला, चौथी. जन्मतारीख लिहिली. अक्षरसुद्धा गोल आलं.

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि मान हलवली. पिकल्या केसांची माणसं त्यांच्याकडे रोजच जुना दाखला मागायला येतात, कुणाला कशाला लागतो, कुणाला कशाला. ते स्टुलावर चढले, कपाटावरचं एक जाडजूड रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पानं उलटायला लागले. मला वाटलं, किती बारकाईनं काम करतो हा माणूस! सव्वाचार झाले. चार पंचवीस झाले.

"सापडलं!" भाऊसाहेब म्हणाले. "पण शेऱ्याचा रकाना कोरा आहे. म्हणजे दाखला कधी नेलेलाच नाही."

"नाही ना! म्हणून तर आलो!"

त्यांनी सुंदर अक्षरात दाखला लिहिला, आत जाऊन बाईंची सही आणली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. चार चाळीसला मी दाखला छातीशी धरून मैदान ओलांडलं. मुक्ता बाकावरून उठून उभी राहिली. मी विजयी मुद्रेनं दाखला खिडकीतून आत सरकवला.

पगारे सरांनी तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचला.

"विद्यार्थी पाचवीसाठी जरा थोराड वाटतो," ते म्हणाले.

"काय?"

"हा तुमचा दाखला आहे हो!"

मी कागद हातात घेतला. नाव माझं. वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक. शाळा सोडल्याची तारीख, आजची! पाच वाजायला वीस मिनिटं, पोरीची जागा जायच्या बेतात, आणि तिच्या बापानं स्वतःला चौथीतून काढून आणलं होतं! मुक्ताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला खरंच स्वतःची लाज वाटली.

पण पोर आईवर गेलीय. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही इथं बसा. अजिबात हलू नका. झाडाकडे बघू नका. सानिया, चल!"

दोघी वेण्या उडवत मैदानातून पळाल्या. मी बाकावर बसलो आणि डोळे मिटून घेतले, झाड दिसू नये म्हणून. पगारे सर मात्र विचारात पडले होते. "एक सांगा. तुमचा दाखला आज निघाला, तर तेव्हा तुम्ही पाचवीत बसलात कसे?"

मला काय माहीत? मी तिथूनच वडिलांना फोन लावला. "आण्णा, माझा चौथीचा दाखला तुम्ही काढला होता का?"

"कसला दाखला?" आण्णा म्हणाले. "शाळा एकच तर आहे! मी तुला मैदानापलीकडे सोडलं, तू आत गेलास." मग म्हणाले, "तो कडुनिंब आहे का रे अजून?"

चार छप्पन्नला दोघी परत आल्या. अर्ज मुक्तानं स्वतःच्या हातानं भरला होता आणि बाईंच्या दारात सानिया पहारा देऊन उभी होती. पगारे सरांनी दाखला तपासला, शिक्का मारला आणि 'अ' तुकडीच्या यादीत शेवटचं नाव लिहिलं. दोघींनी एकमेकींना मिठी मारून अशी काही उडी घेतली, की खिडकीतला शाईचा पॅड खाली पडला. मला हायसं वाटलं. रडूही आलं थोडं, उगाच कशाला लपवू?

पाचाची घंटा झाली आणि पगारे सरांनी खिडकी लावून घेतली. माझा दाखला माझ्याच हातात राहिला होता. परत जाताना मुक्तानं तो माझ्याकडून घेऊन नीट वाचला.

"पप्पा, तुम्ही चौथीची शाळा सोडली ना आज?"

"हो, झालं तसं."

"पण पाचवीत एकच जागा होती. ती मला मिळाली. आणि यादी बंद झाली." तिनं माझ्याकडे फार कळवळून पाहिलं. "मग आता तुम्ही कुठं?"

मी इकडं पाहिलं, पिवळी इमारत. तिकडं पाहिलं, करडी इमारत. एका शाळेनं सोडलेला आणि दुसरीनं न घेतलेला मी, भर मैदानात कडुनिंबाखाली उभा होतो. खरं सांगायचं तर कागदपत्रांत ही नोंद आज झाली एवढंच, मी तिथं कधीचाच उभा आहे.