१२३१ सालाशी अडलेला इतिहास

योब्स्ट वीडनकेलरला ड्यूकने ओल्डर्सबेर्गला बोलावून घेतलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. कायद्याची डॉक्टरेट नुकतीच मिळालेली, आणि जुने दस्त वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काम सरळ होतं: ड्यूकच्या घराण्याचा इतिहास लिहायचा. तोवर राज्याबाहेर पाय टाकायचा नाही, असा करार. सही करताना ते त्याला फारसं टोचलं नाही.

चौथ्या वर्षी तो १२३१ सालाशी पोचला. लाउटर खोऱ्यातले मिठाचे झरे सम्राटाने ड्यूकच्या पूर्वजाला दिले, अशी त्या सालची सनद दफ्तरात होती. त्याच झऱ्यांवरून शेजारच्या बिशपशी चाललेला सगळा दावा कातड्यावर लिहिलेल्या त्या एका सनदेवर उभा होता. सनदेवर साक्षीदार म्हणून एका मठाधिपतीचं नाव होतं, आणि तो तर त्याच्या नऊ वर्षं आधीच वारलेला. थडग्यावरचं साल योब्स्टने स्वतः उतरवून आणलं होतं.

त्याने दिवाण फोन रेशेनला सांगितलं. दिवाण हसला.

"पंडित, मेलेला साक्षीदार उलटतपासणीत फुटत तरी नाही. लिहा पुढे."

योब्स्टला लिहवेना. न लिहिता सुटकाही नव्हती. मग तो आधीचीच पानं वाढवत बसला: कोणी कुठे गिरणी बांधली, कोणाची मुलगी कोणाला दिली. अकरा वर्षं गेली. येनाच्या विद्यापीठातून अध्यापकाच्या जागेचं बोलावणं आलं, तेही दिवाणाने परत धाडलं. "आधी पुस्तक."

झिबिला, त्याची बायको, चुलीपाशी बिअरचं सूप ढवळत होती.

"अहो, एक वाक्य तर आहे. टाका लिहून आणि चला इथून."

"खोटं आहे ते."

"मग खरं लिहा! पण लिहा काहीतरी. माझी हाडं इथेच कुजवणार का?"

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'ही सनद बनावट आहे', आणि खाली चार कारणं दिली. उरलेला इतिहास सात महिन्यांत हातावेगळा केला. आता एकतर तुरुंग, नाहीतर हकालपट्टी. हकालपट्टीच्या आशेने झिबिलाने भांडीसुद्धा विकायला काढली.

दिवाण म्हणाला, "पुस्तक उत्तम झालंय. ते दफ्तरात कुलपात राहील. आणि तुम्ही दफ्तराचे प्रमुख, तहहयात."

"पण पुस्तक पूर्ण झालं. आता मी मोकळा ना?"

"पूर्ण आणि प्रसिद्ध, असं आहे करारात. तुम्ही कायद्याचे पंडित, मी काय सांगू तुम्हाला?"

योब्स्टने घरी येऊन करार काढला. ते शब्द होते. जगाचे दस्त तपासणाऱ्याने स्वतःचा तेवढा नीट वाचला नव्हता.

सहा वर्षांनी दाव्याचा निकाल त्या सनदेवरच लागला. झरे ड्यूकला मिळाले. मेजवानीत योब्स्टला मानाच्या जागी बसवलं होतं. झिबिलाने समोरच्या हरणाच्या मांसाला हात लावला नाही.

तो मात्र जेवला. दिवाणाने पुन्हा वाढायला सांगितलं, तेव्हाही नको म्हणाला नाही.