उभ्या गाडीचा ठिपका

‘यंत्र ओके’ असं लिहून खाली सही करायची, एवढंच काम होतं. बिराजदार साहेबांनी कागद पुढे सरकवला. पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

“सुनंदा, कर सही. कचरा कंपनीच्या मॅनेजरचे सकाळपासून दोन फोन झाले.”

“यंत्र न बघताच?”

“तूच बसवलंयस की. अजून काय बघायचंय?”

ते खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

सोलापुरात गाड्यांना जीपीएस बसवणाऱ्या एका लहान एजन्सीत मी टेक्निशियन आहे. कचरा उचलणारी एक खाजगी कंपनी आमची गिऱ्हाईक. तिच्या घंटागाड्यांवर आमची यंत्रं. संगणकातल्या नकाशावर प्रत्येक गल्लीभोवती एक रेघ आखलेली असते, तिला जिओफेन्स म्हणतात. गाडीचा ठिपका रेघेच्या आत आला तर गल्ली झाली, नाही तर सोडली. मल्लिनाथ नावाच्या ड्रायव्हरला एकच गल्ली पुन्हा पुन्हा सोडल्याबद्दल दोन नोटिसा मिळाल्या होत्या. तिसरी माझ्या सहीसाठी थांबली होती. ती निघाली की तो घरी बसणार होता.

मल्लिनाथ कुंभारीहून सायकलवर आला होता आणि आमच्या दारातच उभा होता.

“मॅडम, मी रोज जातो वो त्या बोळात. बाया विड्या वळत बसलेल्या असतेत, हातातलं काम सोडून उठता येत न्हाई त्यांना. बादल्या बी मीच आणून गाडीत वततो. आता अजून काय करू सांगा की.”

माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मला तोंडावरून ओळखता येत नाही. मी लॉग उघडला. लॉग म्हणजे ठिपका कुठकुठे फिरला त्याची नोंद. रोज सकाळी मल्लिनाथचा ठिपका गल्लीच्या तोंडापर्यंत नीट यायचा आणि मग उडी मारायचा.

“साहेब, हे बघा. गाडी पॉवरलूमच्या भिंतीतून आत शिरली, मागांवरून चालली आणि पलीकडच्या गल्लीत निघाली.”

“थोडंफार इकडंतिकडं होतंच.”

“मग नोकरी पण थोडीफारच घालवा त्याची.”

साहेब हसले नाहीत. “आपल्याला धंदा करायचाय, सुनंदा. गिऱ्हाइकाला यंत्र चुकतं म्हणून सांगायचं का?”

“चुकत असेल तर व्हय,” मी म्हणाले, पेनाला टोपण लावलं आणि गाडी बघायला निघाले.

थोडं समजावून सांगते. जीपीएस यंत्र उपग्रहाशी बोलत नाही, नुसतं ऐकतं. वरून आलेल्या लहरीला पोचायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते ठरवतं. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे आहोत ते कळतं. उघड्या माळावर हे छान चालतं. अरुंद बोळात मात्र लहर आधी भिंतीवर आपटते, मग यंत्राकडे येते. तेवढा उशीर झाला की यंत्राला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि ठिपका भलतीकडे पडतो. विहिरीत कुणी हाक मारली की नेमकी कुठून आली ते कळत नाही, तसंच.

पण मल्लिनाथचा ठिपका जरा जास्तच भरकटत होता. त्याचं कारण केबिनमध्ये सापडलं, आणि ते माझ्याच हातचं होतं.

आधी आम्ही अँटेना केबिनच्या टपावर लावायचो. काडेपेटीएवढा काळा डबा असतो, तोच लहरी ऐकतो. गेल्या खंडेनवमीला ड्रायव्हरांनी गाड्या धुतल्या, टपावर केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. दुसऱ्या दिवशी माळांबरोबर बऱ्याच अँटेनांच्या वायरीही उपसून निघाल्या. साहेब म्हणाले, आतच बसव. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. सगळ्या अँटेना मी डॅशबोर्डच्या मागे नेल्या. मोठ्या रस्त्यावर काही बिघडलं नाही. बोळात दोन्ही बाजूंना तीन मजली घरं, उघडं आकाश काय ते डोक्यावर. आणि नेमकं तेच मी पत्र्याच्या टपाने झाकून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला त्या गल्लीत बोलावलं. बिराजदार साहेबही आले, तोंड फुगवून. गाडी मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं. एक अँटेना होती तिथेच, दुसरी टपावर. दोन ठिपके लॅपटॉपवर. आतल्या अँटेनाचा ठिपका बघता बघता चालायला लागला, भिंत ओलांडून पलीकडच्या गल्लीत गेला. टपावरचा गल्लीतच राहिला. एक-दोनदा बाजूच्या घरात डोकावून आला, तेवढंच.

“गाडी तर इथंच आहे,” मॅनेजर म्हणाला.

उंबऱ्यात विड्या वळणाऱ्या म्हातारीने मान वर केली. “रोज हितंच असती की. तुमीच आज पयल्यांदा आलाव.”

मॅनेजर खाकरला. “मग चूक कुणाची?”

“बसवणाऱ्याची. बसवणारी मी. ते लिहून देते. ‘यंत्र ओके’ मात्र लिहून देणार नाही. आणि टपावरची अँटेनासुद्धा अशा बोळात थोडी चुकणारच. तेव्हा नकाशावरची रेघ थोडी बाहेर सरकवा, आणि नुसत्या ठिपक्यावर कुणाला घरी बसवू नका.”

मल्लिनाथच्या दोन्ही नोटिसा रद्द झाल्या. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. सगळ्या गाड्यांच्या अँटेना परत टपावर चढवायचं काम मला एकटीला दिलं, भर उन्हात. शिक्षाच होती ती. मी एकेक डबा घट्ट बसवला आणि माझ्या जुन्या कामाला मनात शिव्या घातल्या.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम डेपोत गेले. मल्लिनाथने माळा खाली बंपरला बांधल्या होत्या. टपावर एकच गोष्ट होती, काळा डबा. त्याला हळदीकुंकू लावलेलं.

“चालंल न्हवं, मॅडम?”

मी लॅपटॉप काढला आणि तपासलं. हळदीकुंकवाने सिग्नल अडत नाही. यावेळी यंत्र बघून मग तपासणीच्या कागदावर ‘यंत्र ओके’ लिहिलं आणि खाली सही केली.